सापडलेली वस्तू नवऱ्याने किंवा बायकोने दडवली आहे हे कळल्यावर काय करावं

कपाटात कपड्यांच्या घडीखाली अनोळखी मोबाइल निघतो. विचारलं तर उत्तर येतं, "रिक्षात पडला होता, कुणाचा ते माहीत नाही." महिन्याभराने कळतं की त्याच मोबाइलच्या मालकाने दोनदा फोन केला होता आणि तो कापला गेला होता. किंवा बहिणीच्या घरून गायब झालेली पाचशेची नोट, ऑफिसातून 'आणलेल्या' टोनरच्या डब्या, दुकानातून बिलाशिवाय आलेली क्रीमची बाटली. रक्कम लहान असते, पण धक्का मोठा बसतो. त्या धक्क्यात बहुतेक घरांत आधी भांडण होतं आणि वस्तू मात्र कपाटातच राहते. क्रम उलटा हवा. आधी वस्तू मालकाकडे जाईल अशी सोय करायची. नवरा-बायकोमधलं बोलणं त्यासोबत आणि त्यानंतर.

सापडलेलं आणि उचललेलं, दोन्ही वेगळं

'सापडलं ते आपलं' हा समज कायद्याला मान्य नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ अप्रामाणिकपणे मालमत्ता बळकावण्याबद्दल आहे. शिक्षा कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं, आणि दंड. वस्तू सांभाळण्यासाठी किंवा परत देण्यासाठी उचलणं हा गुन्हा नाही. मालक कोण हे माहीत असताना, किंवा ते शोधण्याचं साधन हाताशी असताना ती स्वतःची करणं हा गुन्हा आहे. शोधण्याचा वाजवी प्रयत्न न करता आणि वाजवी काळ वाट न पाहता ती वापरणं हाही गुन्हाच.

कलमातली उदाहरणं घरच्या वादात फार उपयोगी पडतात. रस्त्यावर एक रुपया सापडला आणि तो कुणाचा हे कळायला मार्ग नाही, तर उचलणाऱ्याचा गुन्हा नाही. नोट असलेलं पत्र सापडलं आणि पत्त्यावरून मालक कळला, तरी नोट ठेवून घेतली, तर गुन्हा. मौल्यवान अंगठी सापडली आणि मालकाचा शोध न घेता लगेच विकली, तरीही गुन्हा. मोबाइल, पाकीट, ओळखपत्र असलेली बॅग यांतून मालक सापडतोच, त्यामुळे "कुणाचं माहीत नाही" हे उत्तर या वस्तूंना लागू पडत नाही.

दुसऱ्याच्या ताब्यातून काढून घेतलेली वस्तू म्हणजे चोरी, कलम ३०३. वस्तूची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल, पहिल्यांदाच दोष सिद्ध होत असेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर शिक्षा समाजसेवेची आहे. अशी चोरी अदखलपात्र असते, म्हणजे ठाण्यात बहुतेक वेळा 'एनसी'च (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) होते. पण यावर विसंबून राहू नका. राहत्या घरात किंवा माल ठेवण्याच्या इमारतीत केलेली चोरी कलम ३०५ मध्ये जाते आणि नोकराने मालकाची केलेली चोरी कलम ३०६ मध्ये. दोन्हींत सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि ५,००० रुपयांची सवलत नाही. बहिणीच्या घरातली पाचशेची नोट किंवा ऑफिसातला टोनर हे 'किरकोळ' वाटतं, पण कायद्याच्या नजरेत ते रस्त्यावर सापडलेल्या फोनपेक्षा जड आहे.

विचारण्याआधी

एक संध्याकाळ थांबा, पण एका दिवसापेक्षा जास्त नको. तेवढ्यात वस्तूचे दोन-तीन फोटो घ्या, कुठे आणि कोणत्या तारखेला सापडली ते वहीत लिहा, सोबत बिल किंवा पावती असेल तर तिचाही फोटो काढा. वस्तू जागेवरून हलवली असेल तर तेही लिहा. सामाईक कपाट, घरखर्चाचा डबा हे पाहायला हरकत नाही. जोडीदाराच्या फोनचा किंवा ईमेलचा पासवर्ड तोडून आत शिरू नका. त्याने तुमची बाजू कमकुवत होते आणि माहिती-तंत्रज्ञान कायद्याखाली वेगळी तक्रार ओढवू शकते.

मोबाइल असेल तर एक गोष्ट आधी बघायची: त्यात कुणाचं सिम आहे? हरवलेल्या फोनचा आयएमईआय, म्हणजे त्या हँडसेटचा ओळख क्रमांक, मालक सरकारच्या संचार साथी पोर्टलवरच्या सीईआयआर सेवेत नोंदवून फोन देशभर बंद करू शकतो. त्यात दुसरं सिम पडलं की त्या सिमचा माग पोलिसांपर्यंत जातो. आपल्याकडे एकाच माणसाच्या नावावर घरभराची सिमं असतात, त्यामुळे फोन दडवला नवऱ्याने आणि ठाण्यातून फोन आला सासूबाईंना, असं सहज घडतं.

बोलायची पद्धत

मुलं, सासू-सासरे, शेजारी समोर नकोत. वस्तू टेबलावर ठेवा आणि जे दिसलं तेवढंच सांगा: "हा फोन मला तुमच्या खणात मिळाला. हा कुणाचा आहे?" मग तीन प्रश्न. कुठून आला, कधी आला, आणि याबद्दल आणखी कुणाला माहीत आहे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं असतं, कारण आपल्याऐवजी दुसऱ्या कुणावर संशय गेलाय का हे त्यातून कळतं.

बोलणं बिघडतं ते तीन ठिकाणी. "तू चोर आहेस" इथून सुरुवात केली की पुढचा तास त्या शब्दावरच जातो. जुनी प्रकरणं एकदम काढली की समोरचा सगळंच नाकारतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे "मी कुणाला सांगणार नाही" असं वचन आधीच देणं. ते वचन देऊ नका. त्याऐवजी मुदत द्या: "उद्या संध्याकाळपर्यंत हे परत जायला हवं, मी सोबत येते." सोबत जाण्याची तयारी दाखवली की नकार बऱ्याचदा मावळतो, कारण एकट्याने समोर जायची लाज हाच मोठा अडसर असतो.

घरात मारहाणीचा इतिहास असेल तर हे बोलणं एकटीने करू नका. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या वेळी ११२ हे क्रमांक आहेत.

परत करायचं कसं

मोबाइल चार्ज करून चालू ठेवा. आवाज बंद करू नका, सिम काढू नका, लॉक उघडायचा प्रयत्न करू नका. मालकाचा किंवा त्याच्या घरच्यांचा फोन बहुधा येतोच. आला तर फक्त "सापडला आहे" म्हणा आणि खूण विचारा: कव्हर कसं आहे, काच कुठे तडकली आहे, लॉक स्क्रीनवर कोणता फोटो आहे. भेट घरी नको, पोलीस ठाण्यात किंवा वर्दळीच्या जागी ठेवा. जोडीदाराने फोन आधीच फॉरमॅट केला असेल तर ते लपवू नका. मालक विचारणारच.

पाकिटातली कार्डं कधीही वापरून पाहू नका. कार्ड टेकवून पिनशिवाय एका व्यवहारात ५,००० रुपयांपर्यंत पैसे जातात. ते वापरलं गेलं असेल तर प्रकरण सापडलेल्या वस्तूचं राहत नाही, फसवणुकीचं होतं, आणि वकिलाशिवाय पुढे जाऊ नये. कार्डाच्या मागच्या क्रमांकावर बँकेला कळवलं की ते बंद होतं.

दागिना असेल तर भिंगाखाली सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा ओळख क्रमांक, शोधा. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की हॉलमार्क करून घेणाऱ्या सराफाची माहिती मिळते, मालकाची नाही. ती माहिती पोलिसांच्या हाती द्या, स्वतः सराफाकडे 'किंमत काढायला' जाऊ नका, कारण बाहेरून ते विक्रीच्या तयारीसारखं दिसतं. जुन्या दागिन्यांवर एचयूआयडी नसतो, काहींवर फक्त पेढीचा शिक्का असतो.

चुकून यूपीआयवर आलेले पैसे हेही बळकावता येत नाहीत. पण फोन करणाऱ्याने सांगितलेल्या नव्या क्रमांकावर ते पाठवूही नका, त्यात फसवणुकीचे सापळे असतात. आपल्या बँकेला लेखी कळवा, पाठवणाऱ्याला त्याच्या बँकेत तक्रार करायला सांगा आणि रक्कम खात्यात तशीच राहू द्या.

रेल्वेत सापडलेली वस्तू स्टेशन मास्तर किंवा आरपीएफकडे (रेल्वे सुरक्षा दल), एसटीतली आगारात. बाकी सगळ्यासाठी पोलीस ठाणं. तिथे ठाणे अंमलदाराला भेटा. घरून दोन प्रतींत अर्ज लिहून न्या: वस्तूचं वर्णन, पाकिटातल्या नोटांची मोजदाद, कुठे व कधी मिळाली, कोण जमा करत आहे. दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही, शिक्क्यासह पोच घ्या. टाळाटाळ झाली तर तोच अर्ज ठाण्याच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवा. मधल्या विलंबाचं खोटं कारण लिहू नका. "सापडल्यावर लगेच आणली" असं लिहिलं आणि त्यात महिनाभर दुसरं सिम चालल्याची नोंद निघाली, तर परत करण्याचा सगळा फायदा धुऊन जातो.

व्हॉट्सॲप गटात फोटो टाकून मालक शोधायचा असेल तर एक खूण राखून ठेवा, नाहीतर पाच दावेदार येतील. मालकाने आधी बक्षीस जाहीर केलं असेल तर भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १६८ नुसार त्यावर हक्क सांगता येतो. ज्या घरात वस्तू दडवली गेली होती तिथे मात्र तो सांगू नये, हे आमचं स्पष्ट मत आहे.

दुसऱ्याच्या माथी बसलेला आळ

नातेवाइकांच्या घरातून पैसे गेले की संशय पहिल्यांदा कुणावर जातो हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक शहरातल्या माणसाला माहीत आहे. घरकाम करणाऱ्या ताईंवर, सुरक्षारक्षकावर, नाहीतर रंगकाम करून गेलेल्या पोरावर. म्हणून वस्तू गुपचूप जागेवर ठेवून देणं पुरेसं नाही. ती सोफ्यामागे 'सापडली' तरी काढून टाकलेली बाई परत येत नाही, आणि सोसायटीत तिच्याबद्दल जे बोललं गेलं ते पुसलं जात नाही.

आधी चौकशी करा: कुणाला कामावरून काढलं का, पगार कापला का, ठाण्यात नाव दिलं का. तसं झालं असेल तर सत्य त्या घरच्यांना सांगावंच लागेल, आणि ज्यांच्यासमोर आळ घेतला त्यांच्यासमोरच तो मागे घ्यायला लावावा लागेल. बुडालेला पगार तुमच्या घरातून द्या, रोख आणि एकरकमी. पोलिसांत तक्रार असेल तर तक्रारदाराने वस्तू मिळाल्याचं आणि त्या व्यक्तीवर संशय नसल्याचं लेखी द्यायला हवं. यात जोडीदारावर गुन्ह्याची शक्यता आहे, म्हणून त्याच दिवशी वकिलाला भेटा, पण 'वकील बघू' म्हणत आठवडे घालवू नका. त्या बाईंची नवी कामंही दर आठवड्याला हातची जात असतात. खर्च परवडत नसेल तर राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक आहे. महिलांना तिथे उत्पन्न न पाहता मोफत मदत मिळते.

दुकानातला माल असेल तर व्यवस्थापकाला गाठून किंमत भरा आणि बिल घ्या. कामाच्या ठिकाणचा माल असेल तर आधी सल्ला, मग परतफेड. घाईत लिहून दिलेला कबुलीजबाब नोकरी आणि खटला दोन्हीकडे वापरला जातो.

तुमची स्वतःची बाजू

चोरीची वस्तू आहे हे कळूनही ती ठेवणं, वापरणं, लपवायला किंवा विकायला मदत करणं हा कलम ३१७ खाली वेगळा गुन्हा आहे. "ते माझ्या नवऱ्याने केलं" हे उत्तर चालत नाही. म्हणून ती अंगठी घालू नका, तो फोन मुलाला देऊ नका, माहेरी ठेवायला नेऊ नका. लग्नाच्या काळात जोडीदाराने तुम्हाला सांगितलेली गोष्ट न्यायालयात सांगायला भाग पाडता येत नाही, असं भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १२८ सांगतं. पण ते संरक्षण बोलण्यापुरतं आहे. तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं त्यात येत नाही, आणि गुन्हा तुमच्याविरुद्धच असेल तर ते लागूही होत नाही.

घरातलंच तुमचं काही गेलं असेल, विशेषतः स्त्रीधन, तर सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सांगितलं आहे की ते पूर्णपणे स्त्रीचं असतं, नवरा फार तर राखणदार. लॉकर उघडला की त्याच दिवशी नोंदणीकृत मोबाइल व ईमेलवर संदेश पाठवणं बँकांना बंधनकारक आहे, तर त्यावर तुमचा क्रमांक आहे का ते तपासा. सोनं तारण गेलं असेल तर पावती मागा आणि लिलावाची तारीख पहिल्यांदा बघा.

पुन्हा पुन्हा होत असेल तर

एकदा झालेली चूक आणि सवय यांत फरक करा. पैशाची वस्तू जात असेल तर कर्ज, दारू, सट्टा यांचा शोध घ्या. बँक पासबुक सोबत बसून वाचणं हा सरळ मार्ग. ज्यांचा काही उपयोग नाही अशा वस्तू उचलल्या जात असतील, आधी ताण आणि नंतर सुटल्यासारखं वाटतं असं माणूस सांगत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ लागतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. आजार असला तरी वस्तू परत जाणं थांबत नाही.

परत केल्याची पोच, बिल, बँकेला केलेले ईमेल आणि वहीतली नोंद एका पाकिटात ठेवा. कलम ३०३ आणि ३१४ च्या गुन्ह्यांची दखल न्यायालय साधारण तीन वर्षांच्या आत घेऊ शकतं, तेवढा काळ तरी ते पाकीट जपा. कलम ३०५ आणि ३०६ ला अशी मुदत नाही, म्हणून नातेवाइकांच्या घरातली किंवा कामावरची बाब असेल तर मालकाकडून "वस्तू मिळाली, तक्रार नाही" असं दोन ओळींचं लेखी, वकिलाला दाखवून, घेऊन ठेवा.