कासवांच्या कामाला कोकणात जाताय? मग आधी घरात रुळायचं कसं ते वाचा

फेब्रुवारी ते एप्रिल म्हणजे वेळास, आंजर्ले वगैरे किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांची पिल्लं बाहेर पडायचा सीझन, आणि हल्ली पुण्या-मुंबईची बरीच मुलं व्हॉलंटियर म्हणून आठ-पंधरा दिवस येतात आणि गावातच कोणाकडे तरी राहतात. किनाऱ्यावर काय करायचं ते कासवमित्र, म्हणजे घरटी राखणारी गावातली माणसं, शिकवतातच. घरात कसं वागायचं ते कोणी सांगत नाही, म्हणून हे लिहितेय.

वेळासला २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने काम सुरू केलं, त्यामुळे गावाला बाहेरच्या माणसांची सवय आहे. पण टुरिस्ट शनिवारी येतो नि रविवारी जातो, तुमचं तोंड त्यांना रोज बघायचंय. पहिल्याच संध्याकाळी काकूंना विचारून घ्या की पाणी कुठलं वापरायचं, जेवायला किती वाजता बसतात आणि रात्री दाराला कडी कधी लागते. कडीचं तर नक्कीच विचारा, कारण मादी रात्री येऊन अंडी घालून जाते आणि कोल्ही-कुत्री पोचायच्या आत, पहाटे अंधारात, वाळूवरच्या खुणा बघत, अंडी शोधत चालायचं असतं. तेव्हा सगळं घर उठवण्यापेक्षा पडवीत किंवा ओटीवर झोपू का असं सरळ विचारा, बॅग रात्रीच भरून ठेवा, आवाज न करता निघता येतं. परत आलात की बाहेरच पाय धुवा. सारवलेल्या खळ्यातून वाळूचे पाय घेऊन माजघरापर्यंत गेलात तर कोणी बोलणार नाही, पण केरसुणी घेऊन कोणीतरी मागून येईल, तेवढ्यावरून समजा.

पिल्लं नेमकी कधी निघतील ते सांगता येत नाही, अंडी घातल्यापासून साधारण ४५ ते ६० दिवस लागतात, उन्हावर अवलंबून. त्यामुळे सकाळ-संध्याकाळ हॅचरीतल्या, म्हणजे अंडी आणून पुरतात त्या कुंपणातल्या, घरट्यांवरच्या टोपल्या उचलून बघेपर्यंत उशीर होतोच. फोन करा, रेंज नसेल तर गावातल्या कोणाकडून तरी निरोप धाडा. काकू ताट झाकून वाट बघत बसतात हो, जेवत नाहीत.

पाणी जपून. मार्चनंतर विहिरी खाली जायला लागतात, आंघोळीला एक बादली बास.

कोकण म्हणजे मासेच असं धरून येऊ नका. वेळासला बऱ्याच घरांत शाकाहारीच जेवण असतं, म्हणजे घावणे, कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी, सोलकढी. नको असेल तर आधीच कमी वाढून घ्या, पानात टाकलेलं मात्र कोणालाच आवडत नाही.

आता मदतीचं. "काही मदत करू का?" असं विचारलंत की "छे छे, तुम्ही बसा" हेच उत्तर येणार, त्यामुळे विचारूच नका, दुपारी मागीलदारी जाऊन बसा. सीझनला तिथे ओल्या काजूच्या बिया फोडायचं काम चाललेलं असतं. आधी हाताला खोबरेल तेल चोळून घ्या, कारण सालातलं तेल कातडी भाजतं, फोड येतात. मग बी आडवी धरून विळीवर चिरायची आणि गर सबंध काढायचा. पहिले गर तुकडे होऊनच निघतात, ते उसळीत चालतात, काकू हसतात आणि मग तुमच्याशी खऱ्या गप्पा सुरू होतात, कोणाचं कुठे लग्न ठरलं, आंबा यंदा कसा आहे, मुंबईतला मुलगा कधी येणार. माझ्या मते या तासाभरात जेवढं घर कळतं तेवढं चार दिवस ओटीवर बसून कळत नाही.

शिमग्यात गेलात आणि पालखी घरी येणार असेल तर आदल्या दिवसापासून घर नुसतं धावत असतं. अशा वेळी आपला पसारा आवरा, खळ्यात पाणी मारायला, नारळ सोलायला हात लावा. देवघरात आपणहून शिरू नका आणि फोटो विचारून काढा.

पैशाचं आधीच बोलून घ्या, शेवटच्या दिवशी नको, आणि ते जिच्या हातचं जेवलात तिच्या हातात द्या. निघायची तारीखही दोन दिवस आधी सांगा, म्हणजे एसटी किती वाजता, वेसवीची फेरीबोट कधी ते घरातलेच नीट सांगतात. आणि बॅगेत जागा ठेवा, आमसुलं नि कुळथाचं पीठ मिळणारच आहे, "कशाला कशाला" करू नका, गप घ्या.