हातातल्या संगणकात कीर्द-खतावणी

माझा पहिला हिशेब पाम कंपनीच्या हँडहेल्डवर, म्हणजे तळहातावर मावणाऱ्या छोट्या संगणकावर होता. खर्च झाला की उभ्या उभ्या स्टायलसने नोंद करायची, आणि घरी आल्यावर क्रेडलमध्ये ठेवून हॉटसिंकचं बटण दाबायचं, की नोंदी घरच्या संगणकावर जायच्या. ते यंत्र केव्हाच गेलं, पण जागच्या जागी नोंदायची सवय राहिली. आता माझ्याकडे कीबोर्ड असलेला ७ इंची लिनक्स हातसंगणक आहे आणि त्यात ग्नूकॅश. हे हिशेबाचं सॉफ्टवेअर मोफत आहे, १९९८ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली, आणि ते खऱ्या द्विनोंदी पद्धतीने, म्हणजे प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत नोंदून चालतं. म्हणूनच मी ते निवडलं.

बसवणं सोपं आहे. तुमच्या लिनक्सच्या सॉफ्टवेअर भांडारातून घ्या आणि नवी फाईल उघडा. ग्नूकॅश आधी चलन विचारतं, मग खात्यांचा तयार संच पुढे करतं. तो जसाच्या तसा घेऊ नका. मोठ्या पडद्यावर ती लांबलचक यादी खपून जाते. इथे प्रत्येक नोंदीला सरकवत बसावं लागतं. मी रोकड, बँक आणि क्रेडिट कार्ड एवढीच तीन खाती आणि खर्चाची नऊ ठेवली आहेत. ‘इतर’ नावाचं खातं मुद्दाम ठेवलं नाही. ते असलं की सगळं तिथेच जाऊन पडतं. सुरुवातीची शिल्लक भरताना पाकिटातले पैसे खरोखर मोजा, अंदाजाने आकडा टाकू नका.

आता मूळ मुद्दा. इथे प्रत्येक नोंदीला दोन बाजू असतात: पैसा कुठून निघाला आणि कुठे गेला. एटीएममधून पैसे काढले, तर तो खर्च नव्हे. बँकेतून रोकडीत गेले, एवढंच. क्रेडिट कार्डाचं बिल भरलं, तोही खर्च नव्हे. खर्च वस्तू घेतली त्या दिवशीच झाला. बिल भरताना फक्त देणं फिटलं. हे कळेपर्यंत मी कार्डावरचा प्रत्येक खर्च दोनदा धरत होते आणि महिनाअखेर उगाच धास्तावत होते. दुसरी बाजू भरायची राहिली, तर ग्नूकॅश ती रक्कम ‘इम्बॅलन्स’ नावाच्या खात्यात टाकतं. ते खातं रोज रात्री बघा आणि शून्यावर आणा.

छोट्या कीबोर्डवर टंकन जितकं कमी, तितकं बरं. तारखेच्या रकान्यात टी दाबलं की आजची तारीख येते, अधिक-वजा चिन्हांनी एकेक दिवस पुढे-मागे जाता येतं. वर्णनाची पहिली काही अक्षरं जुळली की मागची तशीच नोंद खात्यासकट समोर येते. रकमेच्या रकान्यात ८४+३२ लिहिलं तरी चालतं, बेरीज तेच करतं.

फाईल एक्सएमएल या ग्नूकॅशच्या नेहमीच्या रूपातच ठेवा. एसक्यूलाइट या डेटाबेस रूपात प्रत्येक नोंद लगेच साठते हे खरं, पण एक्सएमएलमध्ये जतन करताना तारीख-वेळ घातलेली जुनी प्रतही शेजारी राहते. त्या प्रतींनी मला वाचवलं आहे. माझी फाईल नेटवरून दोन्ही यंत्रांत सिंक होते, म्हणजे सारखी राखली जाते; एकदा हातसंगणकाला नेट नव्हतं, आणि तीच फाईल मी घरच्या संगणकावरही उघडली. फाईल उघडी असल्याची खूण देणारी कुलपाची फाईल दुसरीकडे पोहोचलीच नव्हती, त्यामुळे इशारा आला नाही. चार दिवसांच्या नोंदी पुसल्या गेल्या. जुन्या प्रतीतून परत आणल्या. तेव्हापासून एका वेळी एकाच यंत्रावर फाईल उघडायची आणि बंद केल्यावरच सिंक करायचं, हे कटाक्षाने पाळते. बॅटरी दगा देऊ शकते म्हणून आपोआप जतन करण्याची वेळ एक मिनिटावर आणली आहे.

बँकेचं विवरणपत्र आलं की ‘रिकन्साइल’ (मेळ घालण्याची सोय) उघडा आणि ओळीला ओळ लावून टिचक्या मारा. फरक उरला तर नोंदी मुळापासून चाळू नका, आधी फरकाचा आकडा बघा. त्याला नऊने पूर्ण भाग जात असेल, तर बहुधा दोन अंकांची अदलाबदल झाली आहे, म्हणजे ५४ च्या जागी ४५. तसं नसेल, तर फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद शोधा: ती जमेऐवजी नावे पडलेली असते. तेही नसेल, तर फरकाएवढीच एखादी नोंद राहून गेली आहे का किंवा दोनदा झाली आहे का, ते पाहा.