केस इंटरव्ह्यूचं गणित: या चुका टाळा, आणि आधी शून्यं सांभाळा

प्लेसमेंट जवळ आली की ज्युनिअर मुलामुलींचे केस इंटरव्ह्यूचे मॉक, म्हणजे सरावाचे इंटरव्ह्यू, घेतो (केस म्हणजे एखाद्या कंपनीचा धंद्यातला प्रश्न, तो समोरच्याशी बोलत आकड्यांसकट सोडवायचा), आणि बॅच बदलली तरी चुका त्याच असतात. मुलं हुशार असतात, कॅटचा पर्सेंटाइल चांगला असतो, तरी केसमधलं आठवीच्या पातळीचं गणित चुकतं. कारण सरळ आहे. समोर माणूस बसलाय, कॅल्क्युलेटर नाही, आणि बोलता बोलता आकडे सांभाळायचेत, याची सवयच केलेली नसते.

सगळ्यात जास्त घात शून्यांनी होतो. आपण लाख-कोटीत विचार करतो आणि मॅकिन्झी, बीसीजी, बेनसारख्या कन्सल्टिंग फर्म्सच्या केसमध्ये आकडे बऱ्याचदा मिलियन-बिलियनमध्ये येतात. एका मुलाला मी मेडिकल स्टोअर्सच्या चेनची केस दिली होती, वर्षाचा सेल ३.६ बिलियन रुपये, दुकानं ३००, नफा ८ टक्के, तर एका दुकानाचा महिन्याचा नफा किती? गडी फास्ट होता, पण बिलियन म्हणजे १० कोटी धरून बसला, मग सेल झाला ३६ कोटी, दुकानामागे वर्षाला १२ लाख, महिन्याला १ लाख, आणि नफा ८ हजार. आणि तिथे न थांबता पुढची पाच मिनिटं मला पटवून देत होता की एवढ्याशा नफ्यात दुकानं चालवण्यात अर्थ नाही, निम्मी बंद करा. मी विचारलं, अरे महिन्याला १ लाख म्हणजे दिवसाला साधारण ३,३०० रुपयांचा गल्ला, तुझ्या घराखालच्या मेडिकलचा एवढाच होतो का? बीपी-शुगरच्या दोन-तीन पेशंटनी महिन्याची औषधं घेतली तरी तेवढं बिल होतं! तेव्हा गप्प झाला. खरं उत्तर ३६० कोटी, दुकानामागे महिन्याला १० लाख सेल आणि ८० हजार नफा. सगळा गुणाकार-भागाकार बरोबर होता, फक्त एक शून्य गेलं आणि सल्ला पार उलटा झाला.

माझी सवय सांगतो. केस सुरू व्हायच्या आधीच कागदाच्या कोपऱ्यात लिहायचं: १ मिलियन = १० लाख, १ बिलियन = १०० कोटी, १ ट्रिलियन = १ लाख कोटी. मग एकच भाषा धरायची, कोटी तर शेवटपर्यंत कोटी. आणि उत्तर आलं की ते एका दुकानावर, एका दिवसावर आणून बघायचं, पटतंय का. याला दहा सेकंद लागतात आणि ती दहा सेकंद द्यायला कोणी तयार नसतं, याचंच मला जास्त वाईट वाटतं.

दुसरी माझी नावडती चूक टक्क्यांची. किंमत १० टक्के कमी केली तर तेवढाच नफा टिकवायला विक्री किती वाढायला हवी? दहातले निम्मे तरी पटकन १० म्हणतात, थोडे हुशार ११ म्हणतात. दोन्ही चूक, कारण मार्जिन किती हे कोणी विचारलंच नाही. वस्तू १०० ची, नगामागे खर्च ७० चा, म्हणजे हातात ३० राहतात. किंमत ९० झाली की राहतात २०. पूर्वी १०० नग विकून जे ३,००० मिळायचे त्यासाठी आता १५० नग विकावे लागतील, म्हणजे विक्री ५० टक्के वाढायला हवी. यासाठी फॉर्म्युला पाठ करू नका, दर वेळी १०० रुपयांची वस्तू कागदावर मांडा. तसंच मार्जिन ८ वरून १० टक्क्यांवर गेलं तर ती २ पर्सेंटेज पॉइंटची वाढ आहे, २ टक्क्यांची नाही, टक्क्यांत बोलायचं तर ती २५ टक्के आहे.

राउंडिंग करा, पण समोरच्याला विचारून करा. गुणाकारात एक आकडा वर नेला तर दुसरा खाली आणा, ४८ × ५२ ला ५० × ५० धरलं तर २,५०० येतात, खरं उत्तर २,४९६. भागाकारात मात्र दोन्ही एकाच बाजूला न्यायचे. लोक नेमकं उलटं करतात.

मनातल्या मनात गणित करून दोन मिनिटं शांत बसू नका. आधी कसं करणार ते सांगा, मग करा.

महिना आणि वर्ष यांची सरमिसळ करू नका.

आता शॉर्टकटबद्दल. "सात दिवसांत केस मॅथ" टाइप व्हिडिओ आणि वैदिक गणिताच्या ट्रिका यांच्या मागे लागलेली मुलं टेन्शनमध्ये ट्रिकच विसरतात, मग ना ट्रिक ना साधा गुणाकार. त्यापेक्षा ३० पर्यंतचे पाढे घासा, आजी-आजोबांना येत असतील तर त्यांच्याकडून दिडकी-अडीचकी (दीडचे-अडीचचे पाढे) शिकून घ्या, आणि अपूर्णांक तोंडावर ठेवा: १/६ म्हणजे १६.७ टक्के, १/७ म्हणजे १४.३, १/८ म्हणजे १२.५. रोज वीस मिनिटं, कागद-पेनावर, मोठ्यांदा बोलत. केसबुकमधली (सरावाच्या केसेसच्या पुस्तकातली) सोडवलेली उत्तरं वाचणं म्हणजे प्रॅक्टिस नव्हे, उत्तर हाताने झाका आणि मग सोडवा.

आणि आकडा सांगून थांबू नका. "८० हजार" एवढंच म्हटलं की समोरचा वाट बघत राहतो. ८० हजार म्हणजे दुकान फायद्यात आहे, आता कुठली दुकानं या सरासरीच्या खाली आहेत ते बघायला डेटा मिळेल का, हे त्याच दमात विचारा.