कार्टूनसाठी उपहासगीत कसे रचावे: एका पाळण्याच्या निमित्ताने

अ‍ॅनिमेशनसाठी उपहासगीत लिहायला बसलेला नवखा माणूस बहुधा आधी विनोदी चाल शोधू लागतो आणि तिथेच फसतो, कारण चालच हसू लागली की शब्दांना हसवायला काही उरत नाही. एकनाथांच्या भारुडातली सून सासूला निर्दाळण्यासाठी भवानीला रोडगा बोलते, पण तो नवस ती अगदी मनोभावे बोलते आणि सारी गंमत त्या मनोभावातच आहे. म्हणून विषय ठरला, की त्याच्याशी मुळीच न जुळणारा, पण ऐकणाऱ्यांच्या कानांत मुरलेला एखादा गंभीर गानप्रकार निवडावा.

मुंबईतले खड्डे आणि लोकलची गर्दी यांवर पुरेशी गाणी झाली आहेत, तेव्हा आपण रखडलेला पुनर्विकास घेऊ. बिल्डर रहिवाशांना झोपवतो आहे, एवढे म्हटले की पाळणा आपोआप सुचतो. पारंपरिक पाळण्यात पहिल्या दिवसापासून बाराव्या दिवसाच्या बारशापर्यंत कडवी पुढे सरकतात. इथे दिवसांची वर्षे करावीत आणि बाकी साचा तसाच ठेवावा:

पहिल्या वर्षी नकाशा आला, घरटी एकेक पेढा दिला, जो बाळा जो जो रे जो
दुसऱ्या वर्षी नारळ फुटला, भाड्याचा चेक एकदाच वटला, जो बाळा जो जो रे जो
बाराव्या वर्षी बारसे झाले, टॉवरला नाव ठेवून गेले, जो बाळा जो जो रे जो

टोला यमकाच्या शब्दावर, म्हणजे अगदी शेवटी बसला पाहिजे. ‘वटला’ आधी आणि ‘एकदाच’ नंतर आला असता तर विनोद आणि यमक दोन्ही गेले असते. शिवाय प, फ, ब, भ, म या अक्षरांना ओठ मिटतात आणि चित्रात ते स्पष्ट दिसते, म्हणून ‘बाराव्या’, ‘बारसे’ असे शब्द मोक्याच्या जागी आले की ओठ जुळवणाऱ्याचे काम सोपे होते.

लोकपरंपरेतली चाल घेण्याचा व्यावहारिक फायदाही आहे, तिच्यावर कुणा एकाचा हक्क नसतो. एरवी रचनेवरचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे टिकतो, आणि १९५७च्या कॉपीराइट कायद्यात टीका व समीक्षेसाठी सवलत असली तरी तिथे विडंबनाचे नाव नाही.

आता खरे किचकट काम, ते म्हणजे लयीचे. दूरचित्रवाणीचे चित्र आपल्याकडे सेकंदाला २५ फ्रेमने, म्हणजे २५ स्थिर चित्रांनी चालते. दादरा या सहा मात्रांच्या तालात मिनिटाला १५० मात्रा, म्हणजे ठोके, ठेवले तर एका मात्रेला नेमक्या १० फ्रेम मिळतात आणि सहा मात्रांचे आवर्तन ६० फ्रेममध्ये पुरे होते. समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, पाळणा एका टोकाला आणि चौथ्या मात्रेवर, म्हणजे तालाच्या ‘खाली’वर, दुसऱ्या टोकाला नेला की तोच झोका अ‍ॅनिमेटरला गाणेभर पुन्हा पुन्हा वापरता येतो. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा असेल तर हाच हिशेब १४४ मात्रांना जुळतो.

अंतिम गायन चित्र काढण्यापूर्वीच, कानात क्लिक, म्हणजे लयीचा टिकटिक ठोका, लावून रेकॉर्ड करावे आणि डमीवर, म्हणजे तात्पुरत्या कच्च्या गायनावर, विसंबू नये. एकदा माझ्या गाण्यात डमीवर चित्रे काढून झाली, नंतर गायिकेने शेवटचा स्वर लाडाने अर्धा सेकंद लांबवला आणि पात्राचे ओठ मिटले तरी गाणे चालूच राहिले. त्या बारा-तेरा फ्रेमसाठी अख्खा शॉट पुन्हा काढावा लागला. गायिकेला विनोद समजावून सांगावा, पण गाताना तिने खरोखरच बाळाला निजवावे. साथीला बासरी आणि तबला पुरे. घसरगुंडीचे, उड्यांचे कार्टूनी आवाज या गाण्यात नकोतच.

मिक्सिंग झाल्यावर गाणे मोबाइलच्या बारक्या स्पीकरवर ऐकावे आणि ‘वटला’ ऐकू आला नाही तर बासरी खाली आणावी. ‘नाव ठेवून गेले’नंतर एक आवर्तन शब्दांवाचून सोडावे; त्या ६० फ्रेममध्ये फक्त पाळण्याची करकर, रिकामा प्लॉट आणि त्यावर टॉवरच्या नावाची पाटी दिसू द्यावी.