जुन्या चित्रातील पशुवाहित पालखी कशी ओळखावी?

जुन्या चित्रात पालखी आणि जनावरे एकत्र दिसली, तर नजर आधी आतल्या व्यक्तीवर किंवा झालरीवर न नेता दांड्यांवर न्यावी, कारण वाहनाचा प्रकार दांडेच सांगतात. त्यांची मागची टोके जमिनीवर घासत असतील, तर ती पालखी नसून ओढण्याचे साधन आहे.

दोन लांब दांडे पुढच्या आणि मागच्या जनावराच्या दोन्ही बाजूंनी गेलेले असून खोगिरावरून आलेल्या पट्ट्यांत अडकवलेले असतील, तर ती खरी दोन जनावरांची पालखी होय. रोमन साम्राज्याच्या अखेरच्या काळातील खेचरांची ‘बास्टर्ना’, इराणातील ‘तख्त-ए-रवान’ आणि उत्तर चीनमधील खेचरपालखी यांची रचना मुळात हीच आहे. अशा चित्रात दोन्ही जनावरांची उंची आणि पावले जुळतात का, हेही पाहावे. चाल जुळली नाही तर प्रवासी बसतो ती पेटी हेलकावे खाते. शिवाय मागच्या जनावराला समोरच्या पेटीमुळे वाट नीट दिसत नाही, म्हणून सोबत चालणारा माणूस बहुधा लगामाजवळ असतो. माझ्या मते चित्रकाराने ही वाहतूक स्वतः पाहिली होती की नाही, हे या माणसावरून चांगले कळते.

चित्रातील वाटही दुर्लक्षू नये. चाक जिथे चालत नाही, अशा डोंगरवाटांवर आजारी माणसे आणि स्त्रिया या पालखीतून जात. मात्र गुळगुळीत रस्त्यावर ती दिसली, तर प्रतिष्ठेचा विचार करावा. १५३३ मध्ये राज्याभिषेकाआधीच्या लंडनमधील मिरवणुकीत इंग्लंडची राणी ॲन बोलीन दोन घोड्यांच्या पालखीतच बसली होती.

दांडेच नसतील, तर एकाच जनावराचा विचार करावा. हत्तीवर हौदा असतो आणि वर छत्री असेल तर ती अंबारी. उंटाच्या दोन्ही कुशींना लटकणारी, माणसे बसायच्या पेट्यांची जोडी म्हणजे कजावा. त्यात दोन्हीकडचे वजन सारखे ठेवावे लागते, म्हणून प्रवासी एकटा असेल तर दुसऱ्या बाजूला सामान किंवा दगड भरतात. क्रिमियाच्या युद्धात (१८५३–१८५६) जखमींना नेताना खेचरांवर याच तत्त्वाने दुतर्फा खुर्च्या आणि बिछाने बांधले जात.

एक अपवाद ध्यानात ठेवावा. कैरोहून मक्केकडे निघणाऱ्या हज यात्रेच्या तांड्यात उंटावर ‘महमल’ नावाची भरजरी, शोभेची पालखी असे, पण त्यात माणूस बसत नसे.