सांकेतिक भाषा शिकताय? गोठ्यापासून सुरुवात करा

माझ्या भाच्याला जन्मापासून ऐकू येत नाही. आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात सात वर्षं घरच्या खुणांवरच भागलं. मग तो शहरातल्या कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत गेला. दिवाळीला परतला तेव्हा त्याचे हात झरझर बोलत होते आणि आम्ही नुसते बघत होतो. त्याच सुटीत मी भारतीय सांकेतिक भाषा शिकायला घेतली. जनावरांपासून सुरुवात केली, कारण त्याचा जीव सगळा गोठ्यात.

जनावरांच्या खुणा सोप्या वाटतात. हत्तीची सोंड, सशाचे कान कोणालाही ओळखू येतात. पण मी हत्ती करताना अख्खी झुलायची. भाच्याने माझा खांदा धरून मला थांबवलं आणि फक्त हात हलवायला लावला. खूण म्हणजे नक्कल नव्हे, शब्द आहे. बोटांचा आकार, हाताची जागा आणि हालचाल, यातलं एक बदललं तरी शब्द बदलू शकतो. अमेरिकी सांकेतिक भाषेबद्दल भाषाशास्त्रज्ञ विल्यम स्टोकी यांनी १९६० मध्ये हेच मांडलं होतं. मला ते भाच्याच्या हातून कळलं.

आता जे सांगते ते मला अजून टोचतं. आमच्या घरी गाय, बैल, म्हैस तिघांना एकच खूण होती, डोक्याशी दोन बोटं. आई त्याला म्हशीला ढेप टाकायला सांगायची आणि तो गौळाऊ गाईपुढे टाकायचा. "काऊन रे, ध्यान कुठं असते तुयं?" म्हणून तो बोलणी खायचा. पोट्टं वेंधळं नव्हतं. आम्ही त्याला म्हशीचा शब्दच दिला नव्हता. शेवटी त्यानेच बोटं मागे वळवून म्हशीची शिंगं केली, तेव्हा आमच्या डोक्यात उजेड पडला. म्हणून घरच्या खुणांना हसू नका. शाळेतली खूण शिका, घरचीही राहू द्या.

नवीन खुणांसाठी दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा कोश बघा. २०१८ मध्ये त्यात तीन हजार शब्द होते, २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत दहा हजार झाले. चित्रफिती यूट्यूबवर फुकट आहेत. समोरचा उजवा हात वापरतो तो आपल्याला डावीकडे दिसतो, त्यात गोंधळू नका. तुमचा कामाचा हात ठरवा आणि तोच ठेवा. नुसते शब्द पाठ केले तर पुढे अडतं. 'शेळी कुठे?' विचारताना 'कुठे' शेवटी येतं आणि प्रश्न चेहऱ्यावरही दिसावा लागतो. चित्रफीत बघून केलेली खूण कर्णबधिर माणसाला दाखवल्याशिवाय पक्की धरू नका. प्रदेशागणिक खुणा बदलतात, तुमच्या भागातली त्यांनाच ठाऊक.

उजेडाची सोय आधी करा. भारनियमनात आमचं बोलणं मधेच तुटायचं. आता चार्जिंगचा दिवा आम्ही बोलणाऱ्याच्या समोर ठेवतो. पाठीमागे ठेवला तर चेहरा काळा दिसतो.

भाचा आता चौदा वर्षांचा आहे. गेल्या हिवाळ्यात तुरीच्या जागलीला तो त्याच्या बाबांसोबत होता, मी धुऱ्याच्या या टोकाला. पलीकडे बॅटरी लागली. बाबांनी ती त्याच्या हातांवर धरली होती. रोही. तीन. नाल्याकडून.