गावठी कोंबड्यांची रात्रीची घरघर: माझा अनुभव

लक्षणं: रात्री खुराड्यातून घरघर, नाकाला पाणी, डोळ्याच्या कोपऱ्यात फेस. हळद-लसूण झालं, लासोटाही पाजली (ती राणीखेतची लस, यावर औषध नव्हेच). तीन आठवडे नुसता वैताग.

पशुवैद्यकांनी तपासून सीआरडी (कोंबड्यांचा जुनाट श्वसनाचा आजार) सांगितला, म्हणजे मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू. मग क्रमाने:

आजारी चार वेगळ्या काढल्या. खुराड्यात कोंबडीच्या उंचीला वाकलो, तर अमोनियाने माझेच डोळे चुरचुरले! ओलं तूस सगळं उपसलं, कोरडं पसरलं. छपराखालचा प्लास्टिकचा कागद फाडून जाळी मोकळी केली. शेवटी डॉक्टरांनी लिहून दिलेलं टायलोसिन (अँटिबायोटिक): पिण्याच्या पाण्यात लिटरला अर्धा ग्रॅम, पाच दिवस, रोज सकाळी ताजं, दुसरं पाणी नाही. त्यांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत अंडी फेकली.

सहाव्या रात्री खुराडं गप्प. जंतू मात्र अंगात राहतो, म्हणून नवीन तलंगा सध्या आणत नाही.